गेइशा म्हणजे वेश्या? फिरत्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. नटलेल्या जपानी बाईचा फोटो आणि खाली मजकूर: ‘गेइशा म्हणजे जपानच्या वेश्या. तिथे कोवळ्या मुलींच्या कौमार्याचा आजही लिलाव होतो. एकदा आत गेलेली मुलगी पुन्हा बाहेर पडत नाही.’ मी जपानी शिकवते. माझ्याच तीन विद्यार्थ्यांनी मला तो पाठवला, तेव्हा गप्प बसवेना.

आधी फोटो. तो गेइशाचा नाहीच. त्या बाईच्या किमोनोचा रुंद पट्टा, म्हणजे ओबी, पुढे बांधलेला आहे आणि केसांत मोठमोठे आकडे खोचलेत. हा थाट ओइरानचा. ओइरान म्हणजे एदो काळात (१६०३ ते १८६८) योशिवारासारख्या परवानाधारक वस्तीतली वरच्या दर्जाची गणिका. गेइशाचा ओबी पाठीमागे असतो.

आता ‘वेश्या’ हा शब्द. ‘गेइ’ म्हणजे कला, ‘शा’ म्हणजे ती करणारी व्यक्ती. सुरुवातीचे गेइशा तर पुरुष होते, मैफलीत वाजवणारे, गोष्टी सांगून हसवणारे. बायका या कामात आल्या अठराव्या शतकाच्या मध्याला. १७७९ साली योशिवारातच गेइशांसाठी ‘केनबान’ ही नोंदणी कचेरी निघाली. गेइशांनी ओइरानांची गिऱ्हाइकं पळवू नयेत, हा तिचा एक हेतू. दोघींचं काम एकच असतं, तर एवढा बंदोबस्त कशाला लागला असता? हा नियम मोडला जायचा, विशेषतः गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांत, हे खरं. पण जपानने १९५६ साली वेश्याव्यवसायाविरुद्ध कायदा केला आणि १९५८ मध्ये त्यातल्या शिक्षा लागू झाल्या, तेव्हा योशिवाराचा धंदा बंद पडला. गेइशांच्या मैफली होतात ती चहाघरं मात्र चालू राहिली. कायद्यालाही तो फरक दिसत होता.

लिलावाबद्दल मी काही झाकणार नाही. युद्धापूर्वी गरीब घरच्या मुली उचल घेऊन गेइशाघरांना दिल्या जात. ‘मिझुआगे’च्या नावाखाली मुलीच्या पहिल्या रात्रीसाठी श्रीमंत आश्रयदाते मोठ्या रकमा मोजत. तो अन्याय होता, आणि त्याला कलेची झूल पांघरू नये. पण ‘आजही’ हा शब्द खोटा आहे. ती प्रथा त्या कायद्यानंतर मोडली.

‘बाहेर पडत नाही’ हे तर पार उलटं. आज क्योतोत माइको, म्हणजे शिकाऊ मुलगी, होतात त्या सक्तीचं शिक्षण संपवून, पंधराव्या वर्षानंतर, स्वतःच्या इच्छेने. राहणं, जेवण, किमोनो, शिकवणी सगळं गेइशाघर बघतं. पगार नसतो, हातखर्चाला पैसे मिळतात. साधारण पाच वर्षांनी लाल कॉलर जाऊन पांढरी येते आणि ती गेइको होते, म्हणजे क्योतोच्या बोलीत गेइशा. किंवा त्याच टप्प्यावर हे काम सोडते. खूप जणी सोडतात. लग्न करायचं तर पेशा सोडावाच लागतो. या मुलींचे कामाचे तास, मैफलीतली दारू, यावर जपानमध्येच प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारलेच पाहिजेत. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.

उल्लेख नाही तो कष्टाचाही. माइकोचे केस स्वतःचे असतात, आठवड्यातून एकदा बांधलेले. ते विस्कटू नयेत म्हणून ती उंच लाकडी उशीवर मान टेकून झोपते. पहिल्या वर्षी लाली फक्त खालच्या ओठाला. केसांतली फुलं महिन्यागणिक बदलतात, एप्रिलला साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, नोव्हेंबरला मेपलची लाल पानं. जाणकाराला तिच्याकडे बघून महिना सांगता येतो. क्योतोतल्या गिओन कोबू या गेइशावस्तीत इनोउए घराण्याचा नाच शिकवतात आणि म्हाताऱ्या गेइकोसुद्धा रियाज सोडत नाहीत. तिथला ‘मियाको ओदोरी’ हा नृत्यमहोत्सव १८७२ मध्ये सुरू झाला, तो अजून दर एप्रिलला होतो.

आपल्याकडे ‘कलावंतीण’ या शब्दाचं काय झालं, आठवून बघा. ‘कलावंत’ मानाचा राहिला, त्याचंच स्त्रीलिंग मात्र शिवीच्या पातळीवर गेलं. म्हणून हा मेसेज मला जास्त लागतो.

गिओनच्या गल्ल्यांत संध्याकाळी मैफलीला निघालेल्या माइकोंना पर्यटक अडवतात, बाही ओढतात. शेवटी २०१९ मध्ये रहिवाशांना खाजगी गल्ल्यांच्या तोंडाशी पाट्या लावाव्या लागल्या: फोटो काढल्यास दहा हजार येन दंड. हा मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.