७०० ग्रॅमचं गुपित

खान्देशात माणसाला आपली कमाई लपवता येते, कर्जही लपवता येतं, पण हातातली पिशवी लपवता येत नाही. रावेरच्या स्टँडवर पिशवी घेऊन नुसतं उभं राहा. ओळख ना पाळख, शेजारचा विचारणारच, "काय नेऊ राह्यले भाऊ?" वांगी म्हणालात तर भरताची का भाजीची? भरताची म्हणालात तर काय भावानं घेतली? आणि भाव सांगितलात की शेवटी, "बामनोदहून घ्यायची ना मंग!" असा निकाल. अशा मुलखात मला परवान्याचं रिव्हॉल्व्हर कमरेला बांधून, कोणाला कळू न देता हिंडायचं होतं.

हौस म्हणून नव्हे. मी केळीच्या व्यापारात आहे. कापणी, वाहतूक, गाडी भरणारे मजूर, सगळ्यांचा हिशेब संध्याकाळी रोखीनं. मोबाईलवर पैसे पाठवतो म्हटलं तर टोळीचा मुकादम असा बघतो, जणू मी त्याला उधारीचीच नवी पद्धत सांगतोय. रोकड घेऊन अंधारात मळ्यातल्या रस्त्यानं जायचं म्हणून घरच्यांनीच परवान्याचा धोशा लावला. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलिसांची चौकशी, बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, या सगळ्यात किती चपला झिजल्या ते सोडा. चौकशीला आलेल्या हवालदारानं शेजारच्या चार घरी जाऊन "ह्यांना बंदूक द्यायची का?" असं विचारलं, तेव्हाच गुप्ततेचे अर्धे बारा वाजले होते.

वस्तू तशी लहान. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं, तीन इंची नळीचं, रिकामं असताना ७०० ग्रॅमच्या आसपास. कागदावर ७०० ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण हेच ७०० ग्रॅम पँटच्या एका बाजूला अडकवून दिवसभर फिरा. संध्याकाळी पँट एका बाजूनं गुडघ्याकडे निघालेली असते आणि माणूस तिला सावरत दुसऱ्या बाजूला झुकून चालतो. लोक विचारतात, "मणक्याचं काही निघालं का?"

त्यात नियम. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते पूर्ण झाकलेलं हवं आणि तरीही नेणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात हवं. म्हणजे जगाला दिसता कामा नये आणि आपल्याला मात्र चटकन सापडलं पाहिजे. आमच्या घरात चष्म्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत एकही वस्तू या दोन्ही अटी एकदम पाळत नाही. थंड हवेच्या मुलखात हा प्रश्न सोपा असावा, अंगात कोट असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात भुसावळच्या रस्त्यावर कोणी जाकीट घालून निघाला तर त्याला पोलीस नंतर पकडतील, आधी लोकच धरून दवाखान्यात नेतील. तेव्हा उरला एकच मार्ग, कमरेला बांधायचा पाऊच.

पहिल्यांदा गेलो ते साहजिकच बंदुकीच्या दुकानात. गाव सांगत नाही, मालक चांगला माणूस आहे. त्यानं काचेवर एक चामडी पट्टा अंथरला. पितळी बक्कल तळहाताएवढं, पट्ट्यावर ओळीनं काडतुसांची घरं आणि उघडं म्यान, ज्यातून मूठ अशी बाहेर डोकावेल की जळगावच्या टॉवर चौकातून दिसावी.

"मला दिसणारं नको," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"लपणारं दाखवा."

त्यानं माझ्याकडे, मग माझ्या परवान्याकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. "शेठ, एवढा खटाटोप केला, एवढे पैसे घातले, आन् लपवायचं? मंग घेतलं कशाला?"

त्याचंही चुकत नव्हतं. त्याची गिऱ्हाइकं शर्ट खोचून घेणारी. आमच्या भागात काही लोक बंदूक चोरासाठी घेत नाहीत, व्याह्यासाठी घेतात. लग्नात हवेत बार काढणारेही त्यातलेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, म्हणून हल्ली बार कमी झाले, पण शर्ट अजून खोचलेलेच असतात. शेवटी त्यानं माळ्यावरून एक "स्पेशल" पाऊच काढला. काळाकुट्ट, जाड कापडाचा, चहूबाजूंनी पट्ट्या, कड्या, हुक आणि वर लष्करी नक्षी. त्यावर "आत रिव्हॉल्व्हर आहे" एवढंच छापायचं राहिलं होतं.

परत येताना भुसावळ लागलं आणि मला उगीच राग आला. इथल्या आयुध निर्माणीत पिनाका रॉकेटचे पॉड बनतात. एवढाल्या रॉकेटांना मापात बसणारं घर मिळतं, पलीकडे वरणगावात लष्करासाठी गोळ्या तयार होतात, आणि या दोन कारखान्यांच्या कुशीत राहून माझ्या वीतभर वस्तूला नीट झबलं मिळेना.

मग साध्या बॅगांच्या बाजारात जायचं ठरवलं. जळगावला, फुले मार्केटात. आता तिथं रिव्हॉल्व्हर काढून "यात बसतं का बघू" असं तर म्हणता येत नाही. म्हणून मी आमच्या काट्यावरची वजनं खिशात टाकली, एक अर्ध्या किलोचं आणि एक २०० ग्रॅमचं. दुकानात गेलो, पाऊच मागितला, कमरेला बांधला, दोन्ही वजनं आत टाकली आणि चार पावलं चाललो. पट्टा सरकला. दुसरा बांधला, वजनं टाकली, वाकलो, उठलो. चेन अडकली. तिसरा हातात घेऊन शिवण ओढून पाहत होतो, तोवर दुकानदाराचा चेहरा पालटला होता. त्यानं पोराला खुणावून पंखा माझ्याकडे वळवला.

"साहेब, बसा ना. चहा की थंड?"

"नको, गडबड आहे."

"आपलं सगळं रेग्युलर आहे साहेब. तसा आपल्याकडे काटा नहीच. बॅगा नगावर विकतो आपण."

मला वजनमाप खात्याचा इन्स्पेक्टर ठरवलं होतं. नाही म्हणावं तर वजनं खिशात का, हे सांगावं लागलं असतं. मी गंभीरपणे मान हलवली, "असू द्या, ठीक आहे" म्हणालो आणि बाहेर पडलो. मागं वळून पाहिलं तर शेजारचा फरसाणवाला आपला काटा पुसत होता.

एव्हाना मला काय हवं ते पुरतं कळलं होतं. रिव्हॉल्व्हरचा कप्पा वेगळा पाहिजे. त्यात किल्ली, पेन, सुपारी, सुट्टे पैसे, काही म्हणजे काही जाता कामा नये, कारण चापाला किल्लीही चालते आणि पेनही. आत ताठ चामड्याचं म्यान पाहिजे, चाप पूर्ण झाकणारं, नाहीतर वस्तू पिशवीत लोळते आणि हात घातल्यावर मूठ कुठं, नळी कुठं याचा पत्ता लागत नाही. कापड इतकं मऊ नको की आतला आकार बाहेर उमटेल. पट्टा रुंद हवा. चेन मोठ्या दातांची आणि एका हिसक्यात उघडणारी. अशा पाच गोष्टी दुकानदाराला सांगितल्या की तो सहावी विचारतो, "पण ठेवायचं काय आहे?"

एक पाऊच घरी आणून पाहिला. रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, सहाही घरं दोनदा बोट लावून तपासली, गोळ्या कपाटात कुलपात, आणि आरशासमोर उभा राहिलो. डाव्या हातानं चेन ओढायची, उजव्या हातानं मूठ धरायची. डाव्या हातानं चेन ओढली, ती शर्टाचं टोक खाऊन बसली. शर्ट सोडवला तर पट्टा फिरून पाऊच पाठीकडे गेला. बायको दारात सुपात तांदूळ निवडत उभी होती.

"झालं का?"

"थांब जरा."

"मी थांबते हो. तो थांबेल का?"

या कोंडीतून वाट दाखवली ती निवडणूक आयोगानं. आचारसंहिता लागली की ठाण्यातून परवानाधारकांना निरोप येतात, शस्त्र जमा करा. २०२४ मध्ये तर आधी लोकसभा, मग विधानसभा. आपापल्या परीनं गुपित सांभाळणारे तालुक्यातले सगळे गृहस्थ त्या दिवशी ठाण्याच्या व्हरांड्यात एका रांगेत उभे असतात. आधी कोणी कोणाकडे पाहत नाही. मग एकमेकांच्या हाताकडे पाहतात. मग, "अरे, तुम्ही पण?"

त्या रांगेत मी जे पाहिलं ते कुठल्याच दुकानात मिळालं नसतं. एकानं जेवणाच्या डब्यातून आणलं होतं. एकानं साडीच्या दुकानाच्या लाल पिशवीत, वरून घडी घातलेलं पोलक्याचं कापड. एका बागायतदारानं जुन्या रेडिओच्या चामडी कव्हरात, कानाला लावलं तर बातम्या लागतील असं. खोचलेल्या शर्टवालाही होता, पण त्या दिवशी त्याचा शर्ट बाहेर होता. नोंद करणारा जमादार एकेक पिशवी उघडताना जराही चकित होत नव्हता. रेडिओच्या कव्हराला फक्त "छान" म्हणाला.

माझ्या पुढं एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या कमरेला फिकट निळा पाऊच, वर औषध कंपनीचं नाव, डॉक्टरकडे फुकट मिळतो तसला. मधुमेहाचे लोक इन्सुलिन घेऊन फिरतात तो. त्यांनी चेन ओढली, आत बेताचं म्यान, म्यानात वस्तू. मी पाहतच राहिलो.

"लोक विचारत नाहीत?"

"विचारतात ना. शुगर किती आहे ते विचारतात."

तसला पाऊच मी मिळवला. आतलं म्यान शिवायला चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. रिव्हॉल्व्हर नेणं शक्य नव्हतं, म्हणून पुठ्ठ्याचा आकार कापून नेला. त्यानं पुठ्ठा उलटासुलटा केला, मूठ धरायच्या जागी मूठ धरली, बोट जिथं जायचं तिथं बरोबर नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझा घसा कोरडा पडला.

"ड्रिल मशीनचं कव्हर हाये का?"

"हो! हो, ड्रिलचंच."

"मंग बिट कुठी ठेवसान? सहा बिटांचे सहा खण शिवून देतो बाजूले."

मी नको नको म्हणत असताना त्यानं ते शिवलेच, वर पैसेही घेतले नाहीत. शिवण मात्र अशी पक्की की चाप पूर्ण झाकला जातो, म्यान जागचं हलत नाही आणि मूठ हात घालताच सापडते. पाऊच पोटावर जरा डावीकडे बांधला की मोटरसायकलच्या टाकीवरही आपटत नाही.

आणि तो लपला. खरोखर लपला. यावल-चोपडा रस्त्यावर, बँकेत, केळीच्या काट्यावर, कोणालाही कणभर संशय आला नाही. फरक एवढाच की माझी शुगर तालुकाभर झाली. मुकादम कारल्याचा रस रोज सकाळी घ्या म्हणाला. बँकेतल्या शिपायानं मला रांगेतून काढून बाकावर बसवलं. चहाच्या टपरीवर मी तोंड उघडायच्या आत "बिनसाखरेचा एक" अशी आरोळी जाते. हवालदारानं ठाण्यासमोर थांबवून कुठल्याशा वैद्याचा पत्ता दिला. त्याच्या वहीत माझी शस्त्राची नोंद आहे, तरीसुद्धा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी अमळनेरला गेलो. रिव्हॉल्व्हर घरी कुलपात, पाऊच खुंटीला. मुद्दाम मोकळ्या कमरेनं गेलो, कारण आखाजीचं जेवण मोकळ्या कमरेनंच जेवायचं असतं. आतून आमरसाचा वास येत होता, खापरावरचे मांडे एकावर एक घडी होऊन पडत होते, सांजोऱ्यांचं ताट मेहुण्याच्या पोरांनी आधीच अर्धं केलं होतं. पंगत बसली. वाढणारी माझ्या पानाशी आली आणि सासूबाईंचा आतून आवाज आला, "जवाईबाले रस नको वाढू वं, त्यासले शुगर शे!"

माझ्यासमोर कळण्याची भाकरी आली, वांग्याचं भरीत आलं, आणि वाटीत जांभळाच्या बियांची पूड आली, खास माझ्यासाठी कुटलेली. पंगतीत वीस-बावीस माणसं. खरं सांगावं तर रिव्हॉल्व्हरची बातमी दुपारपर्यंत धुळ्याला पोचली असती. मी समोर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. माझी शुगर किती आहे आणि पाऊचात काय असतं, हे त्या घरात फक्त तिलाच ठाऊक.

"हो बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "फार सांभाळावं लागतं ह्यांना." आणि माझ्या वाटणीचा रस आपल्या वाटीत ओतून घेतला.