मटण अडकलं म्हणून पपईचा चीक प्यायचा?

‘घशात मटणाचा पीस अडकला? दवाखान्याची गरज नाही!’ हा मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. कच्च्या पपईचा चीक प्या, कोल्ड्रिंक प्या, भाताचा गोळा नाहीतर केळं गिळा, पाठीत थापट्या मारा, नाहीतर सकाळपर्यंत थांबा, असे त्यातले उपाय. परवा आत्तीनंच मला पाठवला, वर ‘जपून ठेव’. आत्तीला कवळी आहे आणि तांबड्या रश्श्यातला पीस ती निम्मा चावते, निम्मा गिळते. पहिला प्रयोग तिच्यावरच व्हायचा, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात भयंकर सल्ला कच्च्या पपईच्या चिकाचा. पपई लावली की मटण मऊ पडतं, तसा अडकलेला पीसही विरघळेल म्हणे. अहो, अन्ननलिका काय रबराची आहे? तीही मांसाचीच. चिकातल्या पपेनला, म्हणजे मांस मऊ करणाऱ्या द्रव्याला, बोकड कुठलं आणि आत्ती कुठली, हे कळत नाही. एकेकाळी डॉक्टरही पपेन द्यायचे. अन्ननलिकेला भोक पडल्याचे, ते फुफ्फुसात उतरून माणूस दगावायची वेळ आल्याचे प्रकार झाले, तेव्हा सोडलं. आणि आपण ते आता घरी करायचं!

कोल्ड्रिंकचं थोडं मान्य करावं लागतं. कोला काही डॉक्टरही सुचवायचे. पण 2023 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेदरलँड्समधल्या 5 हॉस्पिटलांची चाचणी छापून आली. 51 रुग्ण, काहींना कोला, बाकीच्यांना नुसती वाट बघायला लावलं. दोन्हीकडे 61 टक्के लोकांचा घास पूर्ण किंवा थोडाफार सरकला. म्हणजे घास बऱ्याचदा आपला आपण उतरतो, नाव बाटलीचं होतं. कोल्यानं गंभीर इजा कुणाला झाली नाही, हेही खरं. पण ते लोक हॉस्पिटलात होते, आणि हाडाचं मटण अडकलेले त्यात घेतलेच नव्हते. आपल्याकडे नळी फोडल्याशिवाय जेवण होत नाही!

भाताचा गोळा, केळं? अडकलेल्यावर आणखी एक अडकवायचं, दुसरं काय.

पाठीत थापट्या घास श्वासनलिकेत अडकला तर. बोलता, खोकता येत नसेल तर त्या माराच, लगेच. बोलणं-श्वास ठीक, पण थुंकीही उतरत नाही, तर अडकलंय अन्ननलिकेत.

तिथं ‘सकाळपर्यंत थांबा’ चालत नाही. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेचं 2016 चं सांगणं असं: लाळही गिळता येत नसेल किंवा टोकदार हाड असेल, तर शक्यतो 2 तासांत, फार तर 6 तासांत दुर्बीण घालायची. एरवी अन्न अडकलं असेल तर 24 तासांच्या आत. डॉक्टर घास बाहेर काढतात किंवा डोळ्यांनी बघत हळूच पोटात सरकवतात. आपोआप उतरला तरी तपासून घ्या. पुष्कळदा अन्ननलिका आधीच अरुंद झालेली किंवा सुजलेली निघते.