टेक्टॉन येऊ दे, पण आधी पार्ट्सच्या काउंटरवर बोला

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्यानं निसान या जपानी कंपनीच्या टेक्टॉन या नव्या गाडीचा फोटो टाकला आणि विचारलं, कशी वाटते? पाच मिनिटांत हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. "घे, पण कंपनी पळायच्या आत चालवून घे." "सर्व्हिसिंगला जपानला जाणार का?" सगळे आपलेच, शिकलेले, एरवी चार शब्द विचार करून बोलणारे. माझं डोकंच फिरलं.

कारण त्याच ग्रुपवर माझा मावसभाऊ आहे. दादा सांगलीत एका परदेशी कंपनीच्या डीलरकडे सर्व्हिस ॲडव्हायझर होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिनं इथला गाशा कधीच गुंडाळलाय. त्या वर्कशॉपच्या रिसेप्शनमागे येणाऱ्या नव्या गाडीचं भिंतभर पोस्टर होतं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "कधी येतेय?" दादा सांगायचा, "दिवाळीपर्यंत येईल." तो थापा मारत नव्हता, त्याला वरून तेच सांगितलं होतं. त्या गाडीच्या ट्रेनिंगला त्याला पाठवलं होतं, तिच्यासाठी लागणारी हत्यारं खोक्यांतून येऊन पडली होती. त्या भरवशावर त्यानं स्वतःच्या सासऱ्यांना त्याच कंपनीची चालू मॉडेलमधली गाडी घ्यायला लावली. मास्तर माणूस, रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशांतून घेतलेली पहिली गाडी. नवी गाडी आलीच नाही. कंपनी भारत सोडून चालली हे दादाला टीव्हीवरच्या बातमीतून कळलं.

म्हणून अडचणीतल्या कंपनीच्या नव्या मॉडेलवर कुणी हसलं की मला त्या खोक्यांशेजारी उभा असलेला दादा दिसतो.

निसानची अवस्था वाईट आहे, ते कुणी नाकारत नाही. २०२४-२५ या वर्षात सुमारे ६७ हजार कोटी येनचा तोटा. २० हजार नोकऱ्या कमी करणार, जगभरातले कारखाने १७ वरून १० वर आणणार. होंडाशी विलीनीकरणाची बोलणी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मोडली. योकोहामातलं स्वतःचं मुख्यालय विकून आता तिथेच भाड्यानं राहतायत. जपानमधला ओप्पामाचा कारखाना १९६१ पासून चालू आहे, लीफसारखी इलेक्ट्रिक गाडी जगात लवकर आणली ती तिथूनच. तिथलं उत्पादनही मार्च २०२८ पर्यंत बंद होणार. तिथे बाप आणि मुलगा दोघांनी एकाच गेटमधून नोकरी केलेली घरं असतील. त्या घरांत आज काय बोलणं चालत असेल याचा विचार इमोजी टाकताना कुणी केला का?

आणि एवढी सगळी काटछाट करून शेवटी भिस्त कशावर? नव्या गाड्यांवर. भारतातही तेच. डिसेंबर २०२० मध्ये मॅग्नाइट आली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तीच एकटी शोरूम ओढत राहिली. मध्ये एक्स-ट्रेल आणली, तीही पूर्ण आयात केलेली, पन्नास लाखांच्या घरातली. ती आपल्यापैकी कोण घेणार होतं? आता टेक्टॉन आणि सात सीटची ग्रॅव्हाइट. टेक्टॉन म्हणजे मुळात त्यांच्या भागीदार रेनो कंपनीची डस्टर, ग्रॅव्हाइट म्हणजे ट्रायबर.

इथे मात्र मी कंपनीवरच चिडते. हे आपण आधी पाहिलेलं आहे. २०१३ ची टेरानो आठवते? तीही डस्टरच होती, वेगळं नाक लावून जास्त किमतीला विकलेली. लोकांना कळत नाही असं यांना वाटतं का? निसाननं स्वतःचंच जुनं डॅटसन हे नाव २०१४ मध्ये गाजावाजा करून परत आणलं आणि २०२२ मध्ये बंद केलं. किक्स आली आणि गेली. प्रत्येक वेळी "हे मॉडेल चित्र बदलणार" म्हणून सांगितलं. चित्र बदललं नाही की साहेब लोक दुसऱ्या देशात, दुसऱ्या खुर्चीवर. काउंटरवर उभा राहून शिव्या खातो तो सर्व्हिसवाला.

दादानं त्या खाल्ल्या. सासऱ्यांच्या गाडीची मागची लाइट रिव्हर्स घेताना फुटली. साधी टेललाइट. दादानं पुणे झालं, हुबळी झालं, बेंगळुरू झालं, ओळखीच्या सगळ्या स्टोअरकीपरना फोन केले. मिळाली नाही. मी गेले होते तेव्हा त्या लाइटला लाल जिलेटिन पेपर चिकटटेपनं लावलेला होता, उन्हानं टेपच्या कडा पिवळ्या पडून सुटायला लागल्या होत्या. विकायला काढली तेव्हा एजंटनं असा आकडा सांगितला की मास्तर हात जोडून उठून आले. जावयाला त्यांनी आजवर एका शब्दानं दुखावलेलं नाही. त्याचाच दादाला जास्त त्रास होतो.

आता हसणाऱ्यांची बाजूही लिहिते, नाहीतर म्हणाल हिला काही माहीत नाही. भीती खरी आहे. आपल्या तळेगावलाच झालं की. जुलै २०१५ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा भारतात आल्या, एक अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. २०१६ च्या ऑटो एक्स्पोत त्यांच्याच शेव्हरोले ब्रँडच्या नव्या गाड्या फिरत्या स्टेजवर मांडल्या. मे २०१७ मध्ये सांगितलं, भारतात विक्री बंद. तळेगावचा कारखाना निर्यातीवर चालत राहिला, डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं आणि कामगारांचा लढा पुढे वर्षानुवर्षं चालला. आज तिथून ह्युंदाईच्या गाड्या निघतात. २०२१ मध्ये फोर्डनंही इथलं उत्पादन गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा लोक घाबरतात यात त्यांची चूक नाही. बरं.

आणि नव्या मॉडेलनं कंपनी तरत नाही असंही नाही, टाटांनी ते करून दाखवलं, मान्य. इंडिका टॅक्सीवाल्यांची गाडी झाली होती, घरची गाडी म्हणून टाटाचं नाव कुणी काढत नव्हतं. २०१६ मध्ये टियागो आली, २०१७ मध्ये नेक्सॉन, रांजणगावात बनलेली. २०१८ च्या शेवटी नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच स्टार मिळाले आणि माझ्याच सोसायटीच्या पार्किंगचा चेहरा बदलला. पण टाटा कुठे जाणार नाहीत, हे घेणाऱ्याला माहीत होतं. निसाननं चेन्नईजवळच्या कारखान्यातला स्वतःचा ५१ टक्के हिस्सा रेनोला देऊन टाकलाय. त्यांच्या गाड्या यापुढेही तिथेच बनतील, आणि निसान म्हणते आम्ही भारतात राहणार. मला ते खरं ठरायला हवं आहे. मनापासून हवं आहे. त्या कारखान्यातली, ओरगडमच्या लाइनवरची पोरं, प्रत्येक जिल्ह्याच्या गावातला शोरूमचा सेल्समन, ज्याचा इन्सेंटिव्ह एकाच गाडीवर अडकलाय, त्यांच्यासाठी हवं आहे.

हे लिहिता लिहिता ग्रुप पुन्हा उघडला. सगळ्या इमोजींच्या खाली दादाचा मेसेज आलाय. "डस्टरचा प्लॅटफॉर्म मजबूत आहे. खराब रस्त्याला सस्पेन्शन चांगलं निघेल. चालवून बघ." एवढंच. ज्या माणसाला या धंद्यानं एवढं पोळलं, तो अजूनही गाडीकडे गाडी म्हणून बघतो. मघाचा माझा अर्धा राग तिथेच उतरला.

उरलेला अर्धा कंपनीसाठी ठेवलाय. सनरूफ, स्क्रीन, नाकाचा आकार, सगळं दाखवून झालं. आता प्राइस लिस्टसोबत एक कागद द्या. गाडी बंद केलीत तरी टेललाइट, क्लच, दाराचं रबर किती वर्षं मिळेल, किती दिवसांत मिळेल, आणि नाही मिळालं तर गिऱ्हाइकाला काय देणार. खाली सही आणि शिक्का. डीलर उद्या बंद पडला तर सांगलीच्या माणसानं गाडी कुठे न्यायची तेही त्यावर लिहा. भाच्याला मी हेच सांगितलंय, टेस्ट ड्राइव्ह खुशाल घे, पण हा कागद हातात पडेपर्यंत बुकिंगचा एक रुपयाही भरायचा नाही.