आधी खड्डा, मग दाखला

आमच्या गावच्या शाळेत चौथी पास होणं सोपं आहे, नापास कुणी होतच नाही. अवघड आहे ते शाळा सोडणं. कारण दाखला हातात पडायच्या आधी पोराला पटांगणाच्या कडेला एक झाड लावावं लागतं. असा नियम कुठल्याही जीआरमध्ये नाही. मागे कधीतरी एका गुरुजींनी ही पद्धत सुरू केली. पुढे गुरुजींची बदली झाली, पद्धतीची काही झाली नाही.

यंदा आमची लेक चौथीत. म्हणजे चौदा पोरांच्या वर्गात एक खड्डा आमच्या वाट्याचा.

आता आमचं गाव खटाव तालुक्यात. बाहेरच्या माणसाला सातारा म्हटलं की कासची फुलं, धुकं आणि स्ट्रॉबेरी आठवतात. पण एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि आमच्या पूर्व भागात जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग सगळा माल घाटमाथ्यावर उतरवतात आणि आमच्यावरून रिकाम्या पोत्यांनिशी पुढे जातात. अशा ठिकाणी झाडं लावायचा मुहूर्त कोणता, तर 1 मे.

का, तर त्या दिवशी झेंडावंदन असतं, निकाल असतो, पालक आयते गोळा झालेले असतात आणि सरपंचांनी पांढरे कपडे घातलेले असतात. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी 1950 साली वनमहोत्सव सुरू केला तो जुलैत. 2019 साली राज्य सरकारने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट घेतलं, तेव्हा तेसुद्धा जुलैपर्यंत थांबलं. सभेत मी हे सगळं सांगितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दादा, जुलैत ही पोरं पाचवीला हायस्कूलला गेलेली असतात. मग निरोप कुणाला द्यायचा?" याला उत्तर नव्हतं. मुन्शींनाही सुचलं नसतं.

झाड कोणतं लावायचं यावर शाळा व्यवस्थापन समितीची जी सभा झाली, तेवढी गरमागरमी मी ग्रामसभेतही पाहिली नाही. निम्म्या पालकांना केशर आंब्याचं कलम हवं होतं. पण आंबे लागल्यावर ते पोराचे, शाळेचे की ग्रामपंचायतीचे, यावर अर्धा तास गेला. अजून कोय रुजली नव्हती आणि वाटण्या चालू झाल्या होत्या. एक निवृत्त मास्तर उठून म्हणाले, "वडच लावा. कर्मवीर अण्णांनी रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह म्हणून वडच का निवडला असेल?" सभा क्षणभर भारावली. मग मागून आवाज आला, "मास्तर, जावळीत वडाचं म्हसवं हाय बघा. तिथं वडाच्या नावानं गाव हाय. हितं सहा गुंठ्यात वड लावला तर शाळा कुठं ठेवायची?"

एवढं सगळं झाल्यावर रोपवाटिकेतून जे मिळालं ते आलं. करंज. चौदाच्या चौदा करंज. लेकीला बहावा हवा होता, पिवळ्या झुंबरांचा. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

खड्ड्याचं सांगतो. आमच्या शाळेच्या पटांगणात वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली जे आहे त्यावर पहार मारली की ठिणगी पडते. पुस्तकात लिहिलंय, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल, आणि खणून काही दिवस उन्हात तापू द्यावा. पुस्तक लिहिणारा बहुतेक कोकणातला असावा. त्यात आमचं गाव 2017 साली वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत उतरलेलं. तेव्हापासून गावातला प्रत्येक माणूस खणण्यातला तज्ज्ञ आहे. मी एकटा पहार मारत होतो आणि कट्ट्यावर बसून सातजण सांगत होते, पहार अशी नाही, तशी धर. "आम्ही सीसीटी खांदली तवा..." अशी प्रत्येकाची सुरुवात. सीसीटी म्हणजे पाणी अडवायला उतारावर खणलेले सलग समतल चर. ते 'तवा' ऐकून ऐकून माझ्या हाताला फोड आले.

एका पालकाने हा ताप नको म्हणून थेट जेसीबी बोलावला. ड्रायव्हरने एकदाच बकेट खाली घातली आणि निघाला तो असा खड्डा की त्यात बैल उभा राहिला असता. त्यात मधोमध वीतभर करंज ठेवला तेव्हा तो वरून दिसेना. मग तो बुजवायला दोन ट्रॉल्या माती आणली. निकालाच्या दिवशी त्या पोराला 'अ-1' श्रेणी मिळाली. त्याचा या मातीशी संबंध नसेल.

प्रत्यक्ष लागवड पाच मिनिटांत उरकली. पाहुण्यांनी रोप मानगुटीला धरलं, त्यांच्या हाताला सरपंचांनी हात लावला, सरपंचांच्या हाताला उपसरपंचांनी, आणि फोटोत एका काडीला इतके हात दिसतात की जिचं झाड ती आमची लेक कुठेच दिसत नाही. तिची फक्त एक वेणी आली आहे, उपसरपंचांच्या कोपराखाली. टाळ्या झाल्या, पेढे झाले, मंडळी पांगली. संध्याकाळी जाऊन बघतो तर पाहुण्यांनी रोप काळ्या पिशवीसकट पुरलेलं. हळूच उकरून वर काढलं, ब्लेडने पिशवी उभी चिरली. आत मुळं तळाशी गोल गोल गुंडाळून बसली होती, पांढरी, शेवयांएवढी बारीक. लेकीने ती बोटाने एकेक सोडवली आणि अबोला तिथे संपला. "बाबा, ही गुदमरली होती," म्हणाली. पाहुणे तोवर दुसऱ्या गावात दुसरं रोप गुदमरवत असणार.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. शाळेला सुट्टी. शिपाई नाही. ऊन चाळिशीला टेकलेलं. आणि पटांगणात चौदा करंज. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी घालायच्या पाळ्या ठरल्या, सगळ्यांनी अंगठे दाखवले, आणि ते अंगठे शब्दशः खरे ठरले. कुणाच्या मेव्हणीचं लग्न, कुणाच्या गावची यात्रा, कुणाची कंबर. माझं मात्र घर शाळेला लागून, घराखाली पिठाची गिरणी आणि दारात बोअर. बोअर फार काही मारत नाही, पण मारते. गावात हे लपत नाही.

तेव्हापासून मी वसतिगृहाचा रेक्टर झालो. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन बादल्या, आळी करा, पाचोळा घाला, फुटक्या माठाला भोक पाडून वात लावा. हे एकवेळ परवडलं. पण पालकांचे फोन! "दाजी, आमच्या पिंट्याचं कसं हाय?" पिंट्या त्यांच्या शेजारीच टीव्ही बघत असायचा, चौकशी करंजाची. चाकणला कंपनीत असलेल्या एका बापाला रोज फोटो लागायचा. दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून त्याने विचारलं, "सरपंचांच्या नातवाच्या झाडाला आठ पानं, आमच्याला पाचच कशी? पाणी वशिल्यानं घालता काय?" दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई डबा ठेवून आधी पटांगणात चक्कर मारून यायची आणि मग माझ्याकडे असं बघायची की मी तिच्या नातवाला उपाशी ठेवलाय.

शेळीची मला भीती नव्हती. करंजाला शेळी तोंड लावत नाही, असं रोपवाटिकेतल्या माणसाने छातीठोक सांगितलं होतं. आणि ते अगदी खरं निघालं. एका दुपारी गल्लीतल्या म्हातारीच्या शेळ्या पटांगणात शिरल्या आणि एकाही करंजाच्या पानाला त्यांनी धक्का लावला नाही. खाल्ल्या त्या नावाच्या पाट्या. पोरांनी हौसेने पुठ्ठ्यावर रंगीत कागद चिकटवून, आपापलं नाव लिहून काठीला बांधल्या होत्या. कागद चिकटवायला खळ केली होती, आणि खळीला पीठ माझ्याच गिरणीतलं, घरच्या गव्हाचं. मी धावत गेलो तेव्हा शेवटची शेळी शेवटची पाटी चावत होती. तिच्या तोंडाबाहेर फक्त 'इयत्ता चौथी' एवढं राहिलं होतं. म्हातारी म्हणाली, "झाड खाल्लं का माझ्या शेरडानं? मग वरडतुयास कशाला, लेका?"

पाट्या गेल्या आणि वसतिगृहाचं हजेरीपत्रकच गेलं. कोणतं झाड कुणाचं हे कुणालाच सांगता येईना. जूनमध्ये वळवाच्या दोन सरी पडल्या, करंजांना तांबूस पालवी फुटली आणि सगळे पालक पटांगणात उगवले. टरारलेल्या झाडाला पाच बाप. कोपऱ्यात वाळून गेलेल्या काडीला एकही नाही. चाकणवाला मोबाइलमधले फोटो दाखवून पुरावे देत होता. मास्तर मुळापासून अंतर मोजत होते. जेसीबीवाल्या पालकाचं म्हणणं होतं की त्याचं झाड जमीन उकरून ओळखता येईल, आणि तो पुन्हा जेसीबीला फोन लावायच्या बेतात होता. शेवटी मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. सरपंचांच्या नातवाला वाळकी काडी आली, म्हणून चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या. दुसऱ्या खेपेला ती आमच्या लेकीला आली. तिने तिथल्या तिथे जाहीर केलं की आता इथे बहावाच लागणार आणि तो बाबा आणणार. समितीने टाळ्या वाजवून ठराव मंजूर केला.

तिसरीच्या वर्गात यंदा एकोणीस पोरं आहेत. पुढच्या वर्षी आमच्या घरातलं कुणीही चौथीत नाही, असं मी त्याच सभेत दोनदा ठणकावून सांगितलं. मॅडमनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "पण दादा, बोअर आहे ना?"