काकू, कबुतरं आणि अपू

सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचा, म्हणजे अपूवरच्या तीन सिनेमांचा, ब्लू-रे डिस्कचा संच अमेरिकेतून मागवला होता. सात आठवडे वाट पाहिली, कस्टमची ड्यूटी भरली, आणि पार्सल आलं नेमकं मी बँकेत गेलो तेव्हा. सही केली खालच्या मजल्यावरच्या काकूंनी.

संध्याकाळी आणायला गेलो तर काकूंनी दार अर्धंच उघडलं. दबक्या आवाजात म्हणाल्या, "आलंय रे तुझं. मी ह्यांना दाखवलेलं नाही."

"का हो?"

"वर ब्लू लिहिलंय."

वयाची पंचेचाळिशी गाठलेला मी जिन्यात उभा राहून लेझरचं विज्ञान सांगू लागलो. डीव्हीडी लाल लेझरवर वाचतात, ही निळसर जांभळ्यावर, म्हणून एका थरात 25 जीबी मावतात, वगैरे. जितकं सांगावं तितका मी जास्त संशयास्पद दिसत होतो. शेवटी, बंगालमधल्या गरीब मुलाची गोष्ट आहे म्हटल्यावर दार पूर्ण उघडलं.

"मग मोबाइलवर फुकट दिसत असेल की!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी खोका फोडून डिस्क त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "काकू, याच्या मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. उरलेल्या फिती इटलीत मऊ करून, हातानं सांधून, 2015 साली सिनेमे पुन्हा उभे केले."

"अगबाई! आगीतून वाचलेली!" काकूंनी डिस्क ट्यूबलाइटखाली धरून फिरवली. "चमकते बाकी छान. तुझ्याकडे ढीगभर सीड्या असतील ना? जुन्यातल्या चार दे. गॅलरीत टांगते. कबुतरांनी उच्छाद मांडलाय."

"अहो, त्या सिनेमाच्या आहेत."

"असू दे की. कबुतरं काय बघत बसणार आहेत?"

यावर उत्तर नाही. ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेत, अमेरिकेच्या ए विभागाची ही डिस्क आपल्याकडच्या सी विभागाच्या प्लेअरला ओळखही दाखवत नाही, म्हणून भाच्यानं ए विभागाचा प्लेअर कपड्यांत गुंडाळून आणलाय, हे काकूंना कुठून सांगू? घरातही तेच ऐकतो, 'सगळं ऑनलाइन असतं.' असतं ना! परवा यादीत होता तो सिनेमा काल रात्री जेवून बसलो तर गायब. कुणाला विचारायचं?

आणि बंगाल्यांचा जळलेला अपू तरी परत आला. 2003 साली पुण्यातल्या आगीत प्रभात फिल्म कंपनीच्या कितीतरी नायट्रेट (चटकन पेटणाऱ्या जुन्या फितीवरच्या) निगेटिव्ह गेल्या, त्या गेल्याच. प्रभातचाच 1936 चा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात वाखाणला गेला. माझ्याकडे त्याची व्हीसीडी आहे. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, आणि अभंग विहिरीतून आल्यासारखे. चांगली प्रत निघेल म्हणून मी किती वर्षं थांबलोय, ते मोजायचं सोडून दिलंय.

तर, काकूंना मी चार सीड्या दिल्या. नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. पुढच्या महिन्यात आणखी एक संच निघतोय, आणि पार्सलवर सही त्याच करणार. म्हटलं, 28 रुपयांना मिळायच्या त्या काळातल्या जुन्या व्हीसीड्या आहेत, जाऊ देत. घाईत एका विनोदी सिनेमाची फक्त दुसरी चकती गेली. इंटरव्हलपर्यंतचा भाग माझ्या कपाटात, पुढचा काकूंच्या गॅलरीत सुतळीला लोंबतोय.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकलं की दिसतो. एक कबुतर रोज त्याच्याच समोर येऊन बसतं.