शोफार फुंकायचा की नाही, यावरून आमच्याकडे चाललेलं भांडण

सप्टेंबर जवळ आला की नगरकडच्या आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एकच विषय असतो, रोश हशाना, म्हणजे ज्यू लोकांचं नवीन वर्ष, आपण ख्रिस्ती लोकांनी पाळायचं का नाही. एक पार्टी म्हणते बायबलातल्या लेवीय 23 मध्ये देवानेच सांगितलेला कर्ण्यांचा सण आहे, येशू ज्यू होता, मग आपल्याला काय प्रॉब्लेम. दुसरी पार्टी लगेच बायबलातलंच गलतीकरांचं पत्र काढते, नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे नियम, संपलं, परत त्या जुवाखाली मान कशाला देता. तेवढ्यात कोणीतरी ऑनलाइन मागवलेला शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, उपासनेत फुंकतानाचा व्हिडिओ टाकतं, खाली हालेलुया, विजय, तलवारीचे इमोजी, आणि शेवटी पाळकांना मध्ये पडावं लागतं.

मी राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. इथून नदीकडे थोडं गेलं की हायलँड पार्क, तिथे शनिवारी सकाळी अख्खी कुटुंबं पायी सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, निघालेली दिसतात. इथे बसून तो ग्रुप वाचताना मला खटकतं ते हे, की एवढ्या शेकड्याने मेसेजमध्ये एकही ज्यू माणूस नाही. सण त्यांचा, शिंग त्यांचं, आणि पाळायचं का नाही हे ठरवणार आपण, त्यांना काही न विचारता.

ऑफिसातल्या एका मित्राने मला एकदा सोबत नेलं होतं. दारात पोलिसांची गाडी उभी (2018 मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये 11 जणांना मारलं, तेव्हापासून सणासुदीला असतेच म्हणाला). आत शोफार फुंकणाऱ्याने शाल डोक्यावरून घेतलेली, बाजूला उभा माणूस प्रत्येक वेळी कुठला आवाज काढायचा ते हळूच सांगतो, आधी एक लांब सरळ सूर, मग तीन तुटलेले, हुंदक्यासारखे, मग बारीक बारीक तुकडे, मग परत लांब. असे एकूण शंभर. टाळ्या नाहीत, जयजयकार नाही, लहान पोरंसुद्धा गप्प. तो तुटका सूर नेमका कसा काढायचा याची तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, चर्चा आहे, आणि तिथे आधार कोणाचा घेतलाय तर सीसराच्या आईच्या रडण्याचा! बायबलातल्या शास्ते 5 मधली, खिडकीत मुलाची वाट बघत बसलेली, आणि सीसरा म्हणजे इस्राएलांचा दुश्मन, सेनापती. दुश्मनाच्या आईचं रडणं यांनी आपल्या इतक्या पवित्र सणात आणून बसवलंय आणि आम्ही तेच शिंग, बायबलात कर्ण्यांच्या आवाजाने यरीहो शहराची भिंत पडली तशी भिंत पाडायला निघाल्यासारखं फुंकतोय.

दुसरं म्हणजे रॅप्चरचं वेड, म्हणजे येशू येऊन विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेणार त्या दिवसाचं. प्रेषित पौलाने 1 करिंथ 15 मध्ये शेवटच्या कर्ण्याचं लिहिलंय, ते या सणाला जोडून तारखा काढायच्या. 1988 ला नासात काम केलेल्या एका इंजिनिअरने रोश हशानाचीच तारीख दिली होती, 2025 ला दक्षिण आफ्रिकेतल्या एकाने 23-24 सप्टेंबर सांगितली, टिकटॉकवर नुसता धुमाकूळ, आमच्या ग्रुपवर पण आली. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत. आणि मजा म्हणजे सणाचा पहिला दिवस शनिवारी आला, 2023 ला आला होता तसा, तर सनातनी ज्यू त्या दिवशी शोफार फुंकतच नाहीत, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, मोठा. ज्यू माणूस म्हणजे काय आपल्या भविष्याचं घड्याळ आहे का, काटा कुठे आलाय ते बघायचं आणि पुढे जायचं?

पण "नियमशास्त्र संपलं" वाल्यांनीही जरा जपून. चौथ्या शतकात अंत्युखिया शहरात ख्रिस्ती लोक या सणाचे कर्णे ऐकायला सिनेगॉगमध्ये जायचे, आवडायचं त्यांना, तर 386-87 मध्ये तिथल्या योहान क्रिसोस्टम या धर्मगुरूने त्यांना अडवायला जी प्रवचनं दिली त्यात ज्यूंना इतकं वाईट बोललाय की पुढे शतकानुशतकं ज्यूद्वेष करणाऱ्यांना ते तयार मिळालं. कॅथोलिक चर्चने 1965 ला व्हॅटिकन परिषदेत ज्यूद्वेष अधिकृतपणे धिक्कारला, म्हणजे बघा किती उशीर.

आणि ज्यू माणूस शोधायला न्यू जर्सीला यायची काय गरज, अलिबागकडचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल हे मराठी ज्यू, आपल्याच मराठीत याला नव्याचा सण म्हणत आले, मागोमाग खिरीचा सण. 1832 ला जॉन विल्सन मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं, ते त्यांच्यासाठीच. पुण्यात लाल देऊळ आहे, तेही सिनेगॉगच. ग्रुपवरच्या किती जणांनी कधी तिथे कोणाशी बोलून बघितलंय? 31 डिसेंबरला "हे आपलं नववर्ष नाही" चे फॉरवर्ड येतात तेव्हाही मला हेच लोक आठवतात, यांच्या मिश्नात, म्हणजे ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहात, वर्षाच्या चार सुरुवाती दिल्यात, तोराप्रमाणे (मोशेच्या पाच ग्रंथांप्रमाणे) पहिला महिना निसान आणि नवं वर्ष सातव्या महिन्यात, कोणाचं काही बिघडत नाही.

माझं मत विचाराल तर सण पाळू नका, बोलावलं तर पाहुणे म्हणून जा, सफरचंद मधात बुडवून देतील ते खा. घ्यायचंच असेल तर त्याच्यामागचं काम घ्या. रोश हशानापासून योम किप्पूरपर्यंत, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत, दहा दिवस, त्यात लोक ज्याचं वाईट केलंय त्याला फोन करून, भेटून माफी मागतात, कारण मिश्ना स्पष्ट सांगते की माणसाशी केलेला गुन्हा त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय माफ होत नाही. येशूने मत्तय 5 मध्ये वेगळं काय सांगितलंय, दान वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर.

ग्रुपवर दोन्ही पार्ट्यांचे जे पुढारी आहेत ते सख्खे चुलतभाऊ आहेत, जमिनीच्या केसवरून एकमेकांच्या दारात जात नाहीत. ते दोघं बोलले की मला कळवा, शोफारचं मग बघू.