'गुप्तहेर'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रात्रीच लिहायला बसलो असतो तर जास्त कडवट लिहिलं असतं, म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

'गुप्तहेर'मधला 'गुप्त' फुकटचा आहे, 'हेर' पुरेसा आहे, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: शब्द रूढ आहे, देशासाठी जीव धोक्यात घालणाऱ्यांच्या कामाला 'हेरगिरी' म्हणणं अपमानकारक आहे, आणि "आधी मराठी शिका, मग लोकांना शिकवा."

हे शेवटचं लागलं. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. वडील छापखान्यात जुळारी होते, घरी आले तरी बोटांना शाई असायची. मी स्वतः 22 वर्षं मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घावरून लेखकांशी भांडलो, पण 'मराठी शिका' असं कुणाला म्हणालो नाही. मतभेद असू द्या, पण ही बोलायची कुठली रीत?

आता 'हेर'. लोकलमध्ये दादरला कोण उठणार हे उभा असलेला माणूस माटुंग्यालाच हेरून ठेवतो. बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो. मांजर कबुतर हेरतं तेव्हा कबुतर निवांत दाणे टिपत असतं. समोरच्याला कळू न देता, मनात काही धरून बघणं म्हणजे हेरणं. लपणं त्या बघण्यातच आलं, मग वर आणखी 'गुप्त' कशाला? कौटिल्य हेरांना 'गूढपुरुष' म्हणतो, कारण नुसत्या 'पुरुष'मध्ये लपलेलं काही नाही. 'गुप्तवार्ता'चंही तसंच, वार्ता उघडही असते. तिथे विशेषणाला काम आहे, 'हेर'ला ते नको. बहिर्जी नाईकांचं नाव तुम्हीच काढलंत. त्यांच्या खात्याला आपण हेरखातंच म्हणतो ना? त्यात कुणाला कमीपणा वाटला?

अपमानाचं म्हणाल, तर '-गिरी' फारसीतून आलेला प्रत्यय आहे. दादागिरीला लागतो, तसा मुत्सद्देगिरीलाही लागतो. रूढ असण्याबद्दल एवढंच, की रूढ शब्दही तपासता येतो.

एका ठिकाणी मी 'हेरगीरी' असं दीर्घ लिहिलं होतं, ते तुम्ही दाखवलंत. चूक माझी. दुरुस्त केली, आभार.

आता ते शिकण्याबद्दलचं वाक्य तुम्ही मागे घ्या.